बुबुळातला ठिपका

१

माझ्या नवऱ्याला राग येत नाही. हे ऐकून बायकांना माझा हेवा वाटतो. इथे परदेशात, टाकानिनीतल्या आमच्या नव्याकोऱ्या गल्लीत, जिथे सगळी घरं एकसारखी करडी आहेत, शेजारणी मला म्हणतात, "कल्याणी, यू आर सो लकी." लकी! घरातल्या दोन माणसांच्या वाटणीचा राग एकटीला करावा लागतो, तो यांना दिसत नाही. गळणारा नळ असो, लेक इरावतीच्या शाळेतून आलेली तक्रार असो, की त्याच्याच आईचं फोनवरचं टोचून बोलणं असो, नितीश खांदे उडवतो आणि म्हणतो, "स्वीट ॲज." चालतंय, असू दे, असा अर्थ. इथले लोक म्हणतात तेव्हा ठीक वाटतं. डोंबिवलीत वाढलेल्या माणसाने म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

त्याला मासेमारीचं वेड लागलं तेव्हा मी काही बोलले नाही. मासे मलाही आवडतात. सुरुवातीला तो धक्क्यावर उभा राहायचा, तासन्‌तास, आणि बोटाएवढं काहीतरी घेऊन खुशीत घरी यायचा. मग आमच्याच गल्लीतल्या प्रसादच्या नादाने तो वेस्ट कोस्टच्या खडकांवर जायला लागला. दर रविवारी सकाळी. मी एकदा ते खडक बघून आले. काळे, ओले, आणि खाली पाणी नुसतं उकळतंय. तिथे एका खांबाला बुडणाऱ्याला फेकायची लाइफरिंग टांगलेली आहे. जिथे लाइफरिंग टांगून ठेवावी लागते तिथे माणसाने जाऊ नये, एवढी साधी गोष्ट, पण इंजिनिअर माणसाच्या डोक्यात शिरत नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिथून एक माणूस गेला. लाट आली आणि गेला. घरी बायको-मुलं होती. मी ती बातमी नितीशला मोठ्याने वाचून दाखवली. तो पोहे खात होता.

"तो खालच्या कातळावर उतरला असेल," तो म्हणाला. "आम्ही वरच असतो."

"लाइफजॅकेट घालतोस?"

"त्यात हात नीट फिरत नाही गं."

"आणि पायात?"

त्याने टेबलाखाली बघितलं. पायात जॅंडल्स होत्या, म्हणजे इथल्या रबरी सपाता. त्याच घालून तो खडकावर जायचा. मी त्याच्या पुढची पोह्यांची बशी उचलली आणि सिंकमध्ये आपटली. तिचा टवका उडाला. तो म्हणाला, "अगं, असू दे, मी उचलतो तुकडे."

२

त्याच सुमारास त्याने लूअर घरी बनवायला घेतले. लूअर म्हणजे लाकडाचा खोटा मासा. त्याच्या पोटाखाली आणि शेपटीला गळ लावायचे, लांब पाण्यात फेकायचा आणि दोरीने झटके देत ओढायचा. खऱ्या माशाला वाटतं, जेवण चाललंय. कुंपणाचं उरलेलं लाकूड होतं. नितीशने ते तासून छान वीतभर लांबीचे मासे केले. तासायला त्याचा हात बरा आहे. रंगाला मात्र नाही.

त्याने रंगवलेला पहिला लूअर इरावतीने हातात धरून फिरवून बघितला. ती अकरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. "बाबा, इट लुक्स लाइक अ सिक कॅरट," ती म्हणाली. तो हसला. मग माझ्याकडे वळला.

"तू रंगव ना. तुझ्या बाबांचा हात आहे तुझ्यात."

माझ्या बाबांचा पेणला गणपतींचा कारखाना होता. त्या हाताने मी गेली कित्येक वर्षं बॉटनी नावाच्या उपनगरातल्या फार्मसीत गोळ्यांच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवते आहे. मी नाही म्हणाले. दोन आठवडे नाहीच म्हणत राहिले. मग माझ्या डोक्यात आलं की हा माणूस पहिल्यांदाच माझ्याकडे काहीतरी मागतोय.

"रंगवते. पण तू लाइफजॅकेट घालायचं. दर वेळी."

"स्वीट ॲज," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून नारिंगी लाइफजॅकेट आणलं आणि गॅरेजच्या खिळ्याला टांगलं. मग रंगवायला बसले. मला वाटलं होतं, मूर्ती रंगवलेल्या बाईला लाकडाचा मासा म्हणजे काय अवघड! पण मी तिथे पार नवखी निघाले. प्रायमर घासून गुळगुळीत करायचा असतो हे माहीत नव्हतं, रंग सालीसारखा निघून आला. फवारणीचं यंत्र जवळ धरलं, रंगाचे ओघळ आले. खवले उमटवायला कांद्याच्या पिशवीची जाळी माशावर ताणून बसवायची आणि वरून फवारा मारायचा, ही युक्ती मला व्हिडिओत सापडली. मी घाईने जाळी ओढली, अर्धे खवले तिच्याबरोबर गेले. शेवटी वरून पारदर्शक रेझिन द्यायचं असतं, तर त्यात एवढे बुडबुडे राहिले की माशाला गोवर आल्यासारखा दिसायला लागला.

पण मजा येत होती, हे कबूल करते. गॅरेजमध्ये पाऊण जागा नितीशच्या सामानाने व्यापलेली, गाडी कायम बाहेर. मधे एक टेबल, वर ट्यूबलाइट. रेझिन सुकताना एका बाजूला ओघळू नये म्हणून लूअर सतत फिरता ठेवावा लागतो. नितीशने जुन्या मायक्रोवेव्हच्या मोटरला लाकडी चक्र बसवून दिलं होतं. ते हळूहळू फिरायचं आणि प्रत्येक फेरीला एकदा टक्‌ असा आवाज करायचं. घरात कुठेही असलं तरी तो टक्‌ ऐकू यायचा. मला आवडायला लागला होता.

३

चौथा लूअर छान झाला. पाठ गडद निळी, कुशी चंदेरी, पोट पांढरं, खवले जागच्या जागी. फक्त डोळे लावायचे राहिले होते. डोळे तयार मिळतात, चिकटवायचे, टिकलीसारखे. ते संपले होते.

"रंगव की," नितीश म्हणाला. "तू तर डोळ्यांची स्पेशालिस्ट."

कारखान्यात सोवळं-पितांबर कोणीही रंगवायचं, दागिने बायका करायच्या, पण डोळ्यांची आखणी फक्त बाबा करायचे. नंतर त्यांचा हात थरथरायला लागला आणि ते काम माझ्याकडे आलं. आधी वरच्या पापणीची रेघ, नाकाकडून बारीक सुरू होणारी, मधे जाड, आणि कानाकडे उचलून सोडलेली. मग खालची. मग बुबुळ. सगळ्यात शेवटी बुबुळात पांढरा ठिपका. तो पडेपर्यंत मूर्ती आंधळी असते. तो ठिपका देताना बाबा समोर कोणालाही उभं राहू द्यायचे नाहीत. स्वतःही बाजूला बसायचे, आणि ठिपका पडला की चेहऱ्यावर कागद टाकायचे. का, ते त्यांनी सांगितलं नाही. कारखान्यात जागा कमी, कोणाचा धक्का लागू नये म्हणूनच असेल. पण मलाही तशीच सवय लागली होती.

माशाचा डोळा म्हणजे एक गोल आणि मधे काळा टिपका. मी तेच काढायला बसले होते, देवाशपथ. पण शून्य नंबरचा ब्रश हातात आला, श्वास रोखला, आणि हाताने त्याला येत होतं ते केलं. वर पापणीची रेघ आली. खाली रेघ आली. थांबावं असं वाटलं नाही. किती वर्षांनी तो हात तसा चालला होता.

ठिपका देत होते तेव्हा गॅरेजचं आतलं दार उघडलं. नितीश चहा घेऊन आला होता. तो टेबलाच्या पलीकडे, बरोबर समोर येऊन उभा राहिला.

"बाजूला हो," मी म्हणाले. ब्रश टेकला होता.

"का?"

मी काय सांगणार होते? ठिपका पडला. नितीशने वाकून लूअर उचलला, नाकासमोर धरला, आणि तसाच धरून ठेवला. चहावर साय धरली.

"कल्याणी," शेवटी तो म्हणाला, "हा माझ्याकडे बघतोय गं."

४

पुढच्या रविवारी तो तोच लूअर घेऊन गेला आणि हात हलवत परत आला.

"एकही नाही?"

"चावलं काही नाही. पण मागे येत होतं."

मासेमारीत असं होतं म्हणे. मासा लूअरचा पाठलाग करतो, जवळपर्यंत येतो, तोंड मात्र लावत नाही. "काहावाई असेल," मी म्हणाले. मला तोपर्यंत माशांची नावं पाठ झाली होती.

"काहावाई एवढा नसतो."

"मग किंगफिश."

तो विचार करत होता. "दिसलं नाही नीट. वरून दिसत नाही." लूअर त्याने गॅरेजमध्ये खिळ्याला टांगला. शेजारच्या खिळ्याला लाइफजॅकेट होतं. त्याचं दुकानाचं लेबल अजून तसंच होतं. मी ते बघितलं, त्याने मला बघताना बघितलं, आणि आमचं संध्याकाळपर्यंत भांडण झालं. म्हणजे मी भांडले. तो गाडी धूत होता.

दुसऱ्या दिवशी कपडे मशीनला लावायला गॅरेजमध्ये गेले तर लूअरखाली जमिनीवर ओला डाग होता. शेपटीच्या गळातून पाणी टपकत होतं. मी म्हटलं, निथळतोय. तिसऱ्या दिवशी गेले तरी टपकत होतं. गुरुवारी त्या डागात मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. वीतभर लाकडात असं किती पाणी मुरेल? रेझिनला चीर गेली असेल, लाकूड फुगलं असेल, असं म्हणून मी भिंग आणून तपासलं. चीर नव्हती. ओरखडाही नव्हता. खडकांवर आपटून आलेल्या लूअरवर एक ओरखडा नाही.

आणि डोळे. माशाचे डोळे दोन बाजूंना असतात, एकदम दोन्ही डोळ्यांनी तो तुमच्याकडे बघूच शकत नाही. मी एका बाजूने बघितलं, तो डोळा माझ्याकडे नव्हता. दुसऱ्या बाजूने बघितलं, तोही नव्हता. दोन्ही बुबुळं घरात उघडणाऱ्या दाराकडे वळलेली होती. दारापलीकडे, भिंतीआड, नितीश इरावतीला गणित शिकवत होता. त्याचा आवाज येत होता.

मग तो उठून स्वयंपाकघरात गेला असावा, कारण नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी पुन्हा भिंगातून बघितलं.

रेझिनचा थर फुगीर असतो, तो भिंगासारखं काम करतो, त्यामुळे खालचं चित्र हलल्यासारखं दिसतं. हे शास्त्र आहे. मी ते स्वतःशी मोठ्याने म्हणाले, आणि कपडे मशीनमध्ये कोंबून बाहेर आले. साबण घालायचा राहिला.

५

असे काही रविवार गेले. नितीश रिकाम्या हाताने यायचा आणि आधीपेक्षा जास्त खुशीत असायचा. "आज आणखी जवळ आलं," एवढंच सांगायचा. आठवडाभर जेवताना, गाडी चालवताना त्याचं लक्ष कुठेतरी खाली असायचं. इरावतीने विचारलं, "बाबा, व्हॉट आर यू लुकिंग ॲट?" तेव्हा त्याने मान वर केली आणि म्हणाला, "काही नाही गं." तो आमटीच्या वाटीत बघत होता.

मग एका शनिवारी प्रसाद आला. नितीश घरी नसताना आला, आणि दारातच उभा राहिला. एरवी तो चहा घेतल्याशिवाय हलत नाही.

"वहिनी, मी उद्यापासून त्याच्याबरोबर जाणार नाही."

"काय झालं?"

"तो खालच्या कातळावर उतरतो." प्रसाद पायरीवरच्या गवताकडे बघत बोलत होता. "मी सांगून थकलो. म्हणतो, वरून चेहरा दिसत नाही."

"कोणाचा चेहरा?"

"तेच मी विचारलं."

"आणि तुम्ही इतके दिवस मला बोलला नाहीत?" मी एवढ्याने ओरडले की समोरच्या घराचा पडदा हलला. "जॅकेट? जॅकेट तरी घालतो का?"

"वहिनी, ते त्याच्या गाडीत मी कधीच बघितलं नाही." तो वळला, दोन पावलं गेला आणि परत आला. "तुम्हाला राग येईल. पण त्या लूअरच्या मागे मीही एकदा बघितलंय. तेव्हापासून मी आंघोळ शॉवरखालीच करतो. बादली भरत नाही."

मी गॅरेजमध्ये गेले. मला भीती वाटायला हवी होती, पण रागाने माझे कान गरम झाले होते. मी त्या माणसासाठी, त्याने एक जॅकेट घालावं म्हणून, गुडघे दुखेपर्यंत तिथे बसून कांद्याच्या जाळीतून खवले काढले, आणि त्याने एकदाही, एकदाही ते अंगात घातलं नाही. मी काळ्या इनॅमलचा डबा उघडला आणि दोन्ही डोळ्यांवर जाड थर दिला. वर चिकटपट्टी गुंडाळली. काम करताना मी बाबांसारखी बाजूला बसले होते, हे नंतर लक्षात आलं.

चक्र बंद होतं. प्लग काढलेला होता. तरी माझी पाठ वळल्यावर एकदा टक्‌ झालं.

६

रविवारी नितीश उठायच्या आत मी खाली गेले. लूअर खिळ्याला होता. चिकटपट्टी जमिनीवर, ओल्या डागात पडली होती. डोळे स्वच्छ होते, आत्ताच पुसल्यासारखे.

नितीश डोळे चोळत आला तसं मी त्याला धरलं. "तू रंग खरवडलास?"

"कसला रंग?"

"खोटं बोलू नकोस!"

"कल्याणी, मी काल ऑफिसच्या पार्टीहून आल्यावर झोपलो, तुझ्या शेजारी. तूच तर मला ढोसत होतीस घोरतो म्हणून."

हे खरं होतं. मला ते खरं असलेलं नको होतं. मी लूअर खेचून काढला, एक गळ तळहातात घुसला, तशीच बाहेर गेले आणि लाल झाकणाच्या कचऱ्याच्या बिनमध्ये त्याला फेकून दिलं. वर आदल्या दिवशीची भाजीची सालं आणि आमच्या मांजराच्या डब्यातली रेती ओतली. नितीश त्या वेळी गेला नाही. दिवसभर तासलेल्या लाकडासारखा सोफ्यावर बसून राहिला. मला वाटलं, जिंकले.

सोमवारी कचऱ्याचा ट्रक आला आणि बिन रिकामं करून गेला. मी खिडकीतून बघितलं. कामावर गेले, लोकांना कफ सिरप दिलं, परत आले. गॅरेजमध्ये टक्‌ ऐकू आलं.

लूअर चक्रावर होता. फिरत होता.

त्या संध्याकाळी मी जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नितीश ऐकत राहिला. शेवटी अगदी सावकाश म्हणाला, "मला वाटलं, तूच आणलास परत. मला बरं वाटलं होतं."

मी आणला नव्हता. इरावती जिन्यात उभी होती. "इट वॉज देअर व्हेन आय केम होम," ती म्हणाली. "मम्‌, व्हाय इज इट वेट?"

७

पुढच्या रविवारी तो तयार झाला तेव्हा मी गाडीत जाऊन बसले. मांडीवर नारिंगी जॅकेट. इरावतीला प्रसादच्या घरी सोडलं. तासाभराचा रस्ता होता. ऊन छान पडलं होतं. वाटेत लोक कुत्री फिरवत होते, एका म्हाताऱ्याने हात करून "किया ओरा" असा इथला नमस्कार घातला, आणि नितीशने हसून उत्तर दिलं. मला वाटलं, हा तर चांगला आहे. हा तोच आहे. मी उगाच वेडी झालेय.

खडकावर पोचल्यावर मी जॅकेट पुढे केलं. त्याने ते घेतलं, शेजारच्या दगडावर ठेवलं, नीट घडी घालून, आणि खालच्या कातळावर उतरला. मी त्याच्यामागे उतरले. समुद्र शांत होता. पाणी कातळाला चाटून मागे जात होतं.

त्याने लूअर फेकला. दोरी सुटल्याचा लांब आवाज आला. मग तो ओढायला लागला. झटका, थांबा, झटका. लूअर चमकत, लंगडत येत होता. मी रंगवला होता म्हणून सांगत नाही, पण अगदी जिवंत दिसत होता.

तो काठाशी हातभर अंतरावर आला तेव्हा त्याच्या मागचं पाणी काळं झालं. ढगाची सावली, मी म्हटलं, आणि वर बघितलं. आकाशात ढग नव्हता.

त्या काळ्यात एक रेघ दिसली. नाकाकडून बारीक सुरू होणारी, मधे जाड, कानाकडे उचलून सोडलेली. माणूस आपलं अक्षर कुठेही ओळखतो. ती माझी रेघ होती. देवाच्या डोळ्यांत जे असतं ते तिच्यात काही नव्हतं, फक्त माझा हात होता. आणि तिच्या पलीकडे, बरंच पलीकडे, दुसरी. दोन्हींमधलं अंतर किती होतं ते मी सांगणार नाही, कारण मग त्यामागचा चेहरा केवढा असेल याचा हिशेब करावा लागेल. रेघांखाली बुबुळं होती. बुबुळांत ठिपके होते. ते लूअरकडे बघत नव्हते.

नितीश वाकला. त्याच्या हातातला रॉड गळून पडला आणि घरंगळत पाण्यात गेला. तो आणखी वाकला, एक जॅंडल कातळाच्या कडेबाहेर आली. चेहऱ्यावर असं हसू होतं की मी लग्नात, इरावती झाली तेव्हाही बघितलं नव्हतं.

"नितीश!"

त्याने ऐकलं नाही. लांब कुठेतरी पाणी उचलायला लागल्याचा आवाज होत होता.

मला भीती वाटली असेल. आठवत नाही. मला फक्त राग आठवतो. हा माझा माणूस होता. याच्यासाठी मी एवढी वर्षं भांडले होते, बशा फोडल्या होत्या, आणि याला हे असं फुकट कोणीतरी बघून घेऊन जाणार होतं, माझीच रेघ डोळ्यांत घालून! मी त्याला दोन्ही हातांनी मागे ढकललं आणि त्याच्यापुढे, कातळाच्या कडेला, उभी राहिले.

"माझ्याकडे बघ!" मी पाण्यावर ओरडले, भाजीवाल्याशी भांडावं तशी. "त्याच्याकडे काय बघतोस? मी काढलेत ते! माझ्याकडे बघ!"

बुबुळं सरकली.

मागे नितीश मटकन खाली बसला. मग लाट आली, कमरेपर्यंत, आणि गेली. आम्ही दोघं कसे वर आलो ते माहीत नाही. वर आल्यावर तो भिजलेल्या पोरासारखा कापत होता आणि परत परत विचारत होता, "आपण इथे कशाला आलो?"

८

आता गॅरेजमध्ये गाडी उभी राहते. नितीश शनिवारी बॅडमिंटन खेळतो. मासे आम्ही विकत आणतो. प्रसाद मला म्हणाला, "वहिनी, मानलं तुम्हाला." सगळे म्हणतात, तुझ्या रागापुढे शेवटी त्याला हरावंच लागलं. लूअर रॉडबरोबर गेला, तो परत आला नाही. जमिनीवरचा डाग सुकला.

तांदूळ धुताना मी पातेल्यात हात फिरवत राहते. पाणी स्थिर होऊ देत नाही. फार्मसीत सिरपच्या बाटल्या उचलते त्या न बघता उचलते. एवढं सोडलं तर मी ठीक होते.

मग एका रविवारी मी सँडरिंगहॅमच्या देशी दुकानातून किराणा आणायला निघाले आणि गाडी वेस्ट कोस्टला गेली. मी गेले असं म्हणायला हवं, पण खरंच, गाडी गेली. वरच्या खडकावरून नुसतं बघितलं. नारिंगी जॅकेट घातलं होतं. पुढच्या वेळीही घातलं होतं. त्यानंतर लक्षात आलं की ते घालून नीट वाकता येत नाही. आणि वरून फारसं दिसत नाही. मला फक्त डोळे दिसतात. बाकीचा चेहरा मी काढलेला नाही, तो कोणी काढला एवढंच बघायचं आहे.

मी स्वतःवर रागावून बघितलं. पूर्वी राग कसा पोटातून उसळून यायचा. आता हाक मारते आणि येत नाही. माझा सगळा राग त्या कातळावर खर्च झाला.

म्हणून आज मी ठरवलं की सांगायचं. किराण्याचं खोटं बोलायचं नाही. नितीश थालीपीठ लावत होता, इरावती टेबलाशी मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती.

"मी खडकांवर जातेय," मी म्हणाले.

"कुठल्या?"

"त्याच. खालच्या कातळावर."

त्याचा हात थांबला. मी श्वास रोखला, ठिपका देताना रोखायचे तसा. आत्ता, मी म्हटलं. आत्ता तो ओरडेल. तवा आपटेल. माझ्या हातातली किल्ली हिसकावून घेईल, गाडीच्या पुढ्यात आडवा पडेल, मला काय वाट्टेल ते बोलेल. बोल रे. एकदाच.

त्याने थालीपीठाच्या मधे बोटाने भोक पाडलं आणि त्यात तेल सोडलं.

"स्वीट ॲज," तो म्हणाला. "जेवायला येशील ना?"

मी दारात उभी आहे. एक जॅंडल घातली आहे, दुसरी हातात आहे. ती मी शक्य तितकी सावकाश घालते आहे. आत तो थालीपीठ उलटतोय.